ग्वाल्हेरहून गुलमर्गला स्की शिकायला जाताना: बर्फ आणि हवा कशी ओळखायची

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून हल्ली हिवाळ्यात कोणी ना कोणी गुलमर्गला निघालेलं असतं. एकेकाळी बर्फात फोटो काढले, स्लेजवर एक चक्कर मारली की सहल झाली असं वाटायचं. आता मुलं स्की शिकायचंच ठरवून जातात आणि त्यांच्याबरोबर आईवडीलही बूट बांधून उभे राहतात, ही फार चांगली गोष्ट आहे. जाण्यापूर्वी सगळे हॉटेलची, गाडीभाड्याची आणि गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, तिकिटाची चौकशी करतात. हवेबद्दल मात्र एकच प्रश्न येतो, "बर्फ मिळेल ना?"

हा प्रश्न अपुरा आहे. बर्फ असूनही तो शिकण्याजोगा नसेल तर पहिलाच दिवस फुकट जातो. रात्रभर गोठून टणक झालेल्या उतारावर सकाळी पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस दहा वेळा आपटतो आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या बुखारीजवळून, म्हणजे शेगडीजवळून, हलत नाही. तोच माणूस त्याच उतारावर साडेअकराला गेला असता तर हसत परतला असता. म्हणून या लेखात हॉटेलं आणि भाडी येणार नाहीत. निघायचं कधी, रोज सकाळी काय पाहायचं, पायाखालचा बर्फ कसा ओळखायचा आणि कोणत्या दिवशी वर जायचंच नाही, एवढंच पाहू.

उंची आणि थंडी

गुलमर्ग म्हणजे डोंगराच्या कुशीतलं वाटीसारखं खोलगट पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३,००० मीटरच्या थोडं वर नेतो. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. दर १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली पठारावर शून्य असेल तर कोंगडोरीला उणे तीनच्या आसपास आणि वर उणे आठ-नऊ, असा हिशेब मनात धरा. मोबाइलमध्ये 'गुलमर्ग' म्हणून दिसणारा आकडा बहुतेक वेळा पठाराचा असतो आणि बरेच जण त्याच्या भरवशावर वर जातात. काही जण तर श्रीनगरचं तापमान पाहून कपडे भरतात. श्रीनगर गुलमर्गपेक्षा हजार मीटरहून अधिक खाली आहे.

नवशिक्याचं सगळं काम पठारावरच्या सौम्य उतारांवर चालतं. तिथे जानेवारीत रात्री उणे ५ ते उणे १० आणि दुपारी शून्याच्या आजूबाजूला, असं साधारण मान असतं. हे वाचून आपल्याकडची आजी मंडळी कानांवर हात ठेवतील. पण ग्वाल्हेरच्या माणसाला थंडीची सवय असते, फक्त वेगळ्या थंडीची. पौष महिन्यात आपल्याकडे दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, पारा पाच अंशांवर असतो आणि ओल हाडांत शिरते. गुलमर्गला आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर उणे दोन अंशांत, उन्हात, माणूस जॅकेटची चेन उघडून बसतो. हवा कोरडी असते आणि बर्फावरून परतणारं ऊन अंगावर येतं. मात्र वारा सुटला की चित्र पालटतं. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० इतकं जाणवतं. म्हणून तापमानाच्या आकड्याशेजारी वाऱ्याचा आकडा वाचल्याशिवाय वर जाण्याचा बेत करू नका.

महिना निवडताना

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना चिल्लई कलां म्हणतात. कडक थंडीचा हा काळ. त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा येतो. स्थानिक माणसं अजूनही हंगामाबद्दल याच भाषेत बोलतात, त्यामुळे ही नावं माहीत असलेली बरी.

नाताळच्या सुट्टीत जायचा मोह सगळ्यांनाच होतो. स्की शिकायचं असेल तर तो टाळा. डिसेंबरचा बर्फ बहुधा पातळ असतो, खाली दगड आणि झुडपं असतात, आणि गर्दीमुळे शिकवणाऱ्याला तुमच्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळत नाही. जानेवारीत थंडी सर्वांत कडक, बर्फ सर्वांत कोरडा आणि हलका. पण तो किती साचेल याची खात्री नसते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं पठार जवळजवळ पूर्ण महिना तपकिरी, उघडं होतं. महिना संपता संपता कुठे बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाचे हिवाळी खेळ तिथेच पार पडले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तेच खेळ फेब्रुवारीत बर्फ अपुरा म्हणून पुढे ढकलावे लागले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. सरकारी यंत्रणेलाही तारीख बदलावी लागते, तिथे आपण चार महिने आधी काढलेल्या तिकिटाच्या तारखेला बर्फाने हजर राहावं ही अपेक्षा जास्तच झाली.

माझा सल्ला फेब्रुवारीचा. पहिल्या आठवड्यानंतर, महिना संपेपर्यंत. तोवर तळाचा बर्फ दाबून बसलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि दुपारी बोटं आखडत नाहीत. शाळेमुळे फेब्रुवारी जमत नसेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्याला नाकं मुरडू नका. मार्चचा बर्फ दुपारी ओला होतो हे खरं, पण सकाळचे दोन-तीन तास शिकणाऱ्यासाठी फार सुखाचे असतात. मार्च सरला की पठारावरचा बर्फ जायला लागतो आणि जे काही उरतं ते वरच्या उतारांवर. तिथे नवशिक्याचं काम नाही.

अंदाज घरबसल्या कसा घ्यायचा

काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभातून येतो. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळं उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. हिवाळ्यात महिन्याला अशी चार-सहा येतात, काही जोरदार, काही नुसते ढग दाखवून जाणारी. एक जोरदार विक्षोभ पर्वतात साधारण एक ते तीन दिवस बर्फ पाडतो, मग आकाश उघडतं.

ग्वाल्हेरच्या माणसाला यात एक सोय आहे, कारण त्यातल्या मोठ्या विक्षोभांची शेपटी आपल्यापर्यंत पोचते. जानेवारीत रात्रीची थंडी अचानक कमी झाली, आकाशात ढग दाटले, वारा पूर्वेकडून यायला लागला आणि शेतकरी मावठ्याची वाट पाहू लागले, की समजा वर पहाडात बर्फ सुरू झालाय किंवा होणार आहे. मावठा पडून गेल्यावर एक-दोन दिवस दाट धुकं, आणि मग वायव्येचा बोचरा, कोरडा वारा सुटून पारा घसरतो. आपण रजईत शिरतो तेव्हा गुलमर्गला बहुधा निळं आकाश आणि ताजा बर्फ असतो. दुबळे विक्षोभ काश्मीरवरूनच निघून जातात आणि इथे काहीच कळत नाही, म्हणून नुसत्या आभाळावर विसंबून तिकीट काढू नये. पण भारतीय हवामान विभागाचा अंदाज वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर त्यातले शब्द जिवंत होतात.

अंदाज वाचायचा तो श्रीनगरच्या हवामान केंद्राचा, निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून, रोज. पाच दिवसांपलीकडच्या अंदाजातून फक्त कल शोधा. तीन दिवसांच्या आतल्या अंदाजावर निर्णय घ्या. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. बर्फ 'हलका ते मध्यम' आहे की 'जोरदार', तो 'उंच भागांत' म्हटलाय की 'मैदानी भागांतही', आणि इशाऱ्याचा रंग कोणता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. 'उंच भागांत बर्फ, मैदानात पाऊस' असं लिहिलं असेल तर शून्य अंशाची रेषा, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती, कुठे आहे ते महत्त्वाचं. ती पठाराच्या वर सरकली तर गुलमर्गच्या पठारावरही पाऊस किंवा पावसात मिसळलेला बर्फ पडतो, मार्चमध्ये तर हमखास. असा पाऊस पडून रात्री आकाश उघडलं की दुसऱ्या सकाळी सगळा उतार काचेचा झालेला असतो. उंचीनुसार वेगवेगळा अंदाज देणारी डोंगरी हवामानाची संकेतस्थळं आहेत. तिथे पायथा, मध्य आणि माथा असे तीन आकडे मिळतात. ते हवामान विभागाच्या जोडीला ठेवा.

प्रवासात मोकळे दिवस ठेवा

स्की शिकायला किमान चार दिवस हातात हवेत. त्यात आणखी दोन दिवस हवेच्या नावाने बाजूला ठेवा. हे दिवस वाया जात नाहीत. एक दिवस हिमवर्षावात जातो, तेव्हा कोणालाच नीट शिकवता येत नाही, आणि एक प्रवासात अडकतो.

प्रवास अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली आपल्या दारातच. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. माळवा एक्सप्रेसने थेट कटऱ्याला जाता येतं आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली आहे, त्यामुळे दरड पडून बंद होणाऱ्या जम्मू-श्रीनगर महामार्गावर आता सगळी भिस्त राहिलेली नाही. पण माळवा उतरून त्याच दिवशीची वंदे भारत पकडायचा हिशेब करू नका, कटऱ्यात एक रात्र धरा. विमानाने जाणाऱ्यांसाठी दिल्लीचं धुकं आणि श्रीनगरचा हिमवर्षाव, दोन्ही धोक्याचे. सकाळच्या विमानापेक्षा दुपारचं बरं, धुकं विरलेलं असतं.

शेवटची जागा तंगमर्ग. श्रीनगरहून तिथपर्यंत रस्ता साधा आहे. तंगमर्ग ते गुलमर्ग हे १३ किलोमीटर देवदार-चीडच्या जंगलातून वळणावळणाने चढतात आणि बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. श्रीनगरहून आणलेली साधी टॅक्सी तिथे सोडून दुसरी घ्यावी लागते. अंधार पडल्यावर हा घाट चढू नये. उन्हाने वितळलेलं पाणी संध्याकाळी रस्त्यावर गोठतं आणि ती पातळ पारदर्शक गोठण दिव्यांच्या उजेडात दिसत नाही.

निघण्याआधी एक लहान काम उरकून घ्या. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या, नाहीतर रोजचा अंदाज पाहायचीही पंचाईत.

पोचल्यावर पहिला दिवस

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर. तिथून २,६५० मीटरवर एकदम गेलं की काहींचं डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते, झोप तुटक येते. पहिल्या दिवशी गोंडोलाने अफरवटला जाऊ नका. पठारावर चालून या, भरपूर पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, पण कोरडी हवा अंगातलं पाणी ओढून नेते. बूट आणि स्की भाड्याने घ्यायचं काम याच दिवशी करा म्हणजे दुसऱ्या सकाळी घाई होत नाही. बुटात पाय घालताना मोजा एकच हवा. दोन मोजे घातले की पाय दाबला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात.

रोज सकाळचा क्रम

उठल्या उठल्या खिडकीबाहेर बघा. रात्रभर चांदणं होतं की ढग होते? निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, बर्फाचा वरचा थर पार गोठतो आणि सकाळी तो कडक असतो. ढगाळ रात्र उबदार जाते आणि बर्फ मऊ राहतो. नंतर रात्री किती नवा बर्फ पडला ते पाहा. हॉटेलच्या कठड्यावर साचलेला थर बोटाने मोजला तरी अंदाज येतो. मग झाडांचे शेंडे आणि अफरवटचा माथा. माथ्यावरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर वर जोराचा वारा आहे, दुसरा टप्पा बंद राहण्याची शक्यता मोठी. शेवटी गोंडोलाच्या स्टेशनवर किंवा तुमच्या प्रशिक्षकाला फोन करून कोणत्या लिफ्ट चालू आहेत ते विचारा. हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी वरचा टप्पा उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. तिथे सुरक्षेची पाहणी चालू असते. तिकीट हातात आहे म्हणून खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

नवशिक्याने निरभ्र रात्रीनंतर साडेदहा-अकराच्या आधी उतारावर उतरू नये असं माझं ठाम मत आहे. उन्हाने वरचा अर्धा-एक इंच सैल होऊ द्या. ढगाळ, मऊ सकाळ असेल तर लवकर जा.

बर्फ हातात घेऊन ओळखा

उतारावर पोचलात की हातमोजा न काढता मूठभर बर्फ उचला आणि दाबा. गोळा होतच नसेल, बोटांतून भुरभुर निसटत असेल, तर तो कोरडा, ताजा बर्फ. जगभरचे स्कीपटू ज्याच्यासाठी गुलमर्गला येतात तो हाच, त्याला सगळे पावडर म्हणतात. असा बर्फ इतका हलका असतो की १० सेंटिमीटरचा थर वितळवला तर पाणी जेमतेम एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी भरतं. नवशिक्याला तो ढोपरभर मिळाला तर आनंद कमी आणि कष्ट जास्त. स्की आत बुडतात, वळवता येत नाहीत, पडलं तर उठायला हाताला आधार सापडत नाही. त्या दिवशी जिथे बर्फ दाबून पट्टा तयार केलाय तिथेच राहा. असा दाबलेला, वरून किंचित भुसभुशीत बर्फ ही शिकण्यासाठी सर्वांत चांगली जमीन. स्कीच्या कडा त्यात धरतात, घसरण्याचा वेग आवरता येतो.

गोळा सहज झाला आणि हातमोजा दमट झाला तर बर्फ ओलावायला लागलाय. अजून तासभर मजेत खेळता येईल. दाबल्यावर पाणी ठिबकलं तर तो जड, चिकट बर्फ. स्की मध्येच थांबतात, अंग पुढे जातं आणि गुडघा मुरगळतो. थकलेल्या नवशिक्यांच्या दुखापती मार्चच्या दुपारी अशाच बर्फात होतात. दीड-दोन वाजता बर्फ या अवस्थेला पोचला की शिकणं थांबवून कहवा प्यायला बसावं.

मूठ भरताच येत नाही, वर टणक पापुद्रा आहे आणि पायाने दाबला तर तो तडकून खाली मऊ लागतं, हा तिसरा प्रकार. हा ऊन किंवा वाऱ्याने तयार होतो. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे, युरोपातलं आल्प्स ४६ च्या आसपास. म्हणजे गुलमर्गला सूर्य फेब्रुवारीतही बराच वर असतो आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ताज्या बर्फाचा पापुद्रा एक-दोन दिवसांत धरतो. उत्तरेकडच्या, झाडांच्या सावलीतल्या उतारांवर तोच बर्फ आठवडाभर कोरडा टिकू शकतो. एकाच वेळी दोनशे मीटरच्या अंतरात दोन वेगळे बर्फ मिळतात ते यामुळे. सावलीतून उन्हात किंवा उन्हातून सावलीत शिरताना वेग कमी करायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आणि निळसर, चकचकीत, खरवडल्यासारखा आवाज करणारा भाग दिसला तर तो शुद्ध गोठलेला बर्फ. नवशिक्याने त्याला वळसा घालावा.

मार्चची एक खास अवस्था सांगायलाच हवी. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं चार-पाच दिवस चाललं की बर्फाचे मोठे गोल दाणे तयार होतात. सकाळी ते एकमेकांना चिकटून टणक असतात, ऊन लागलं की वरचा थर सुटा, रवाळ होतो. दहा ते बाराच्या दरम्यान हा बर्फ इतका समजूतदार वागतो की आदल्या दिवशी अडखळणारी मुलं सलग वळणं घ्यायला लागतात.

उजेड आणि ऊन

ढग खाली उतरले की बर्फावर सावल्या पडत नाहीत. खड्डा, उंचवटा, कड, सगळं एकसारखं पांढरं दिसतं आणि आपण उभे आहोत की सरकतोय हेही कळेनासं होतं. अनुभवी माणसंही अशा उजेडात पडतात. तेव्हा उघड्या मैदानात न राहता झाडांच्या बाजूने चालणाऱ्या पट्ट्यावर जा, झाडांच्या काळ्या खोडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. गॉगलला पिवळी किंवा गुलाबी काच असेल तर थोडं बरं दिसतं. हिमवर्षावात समोरचा प्रशिक्षकच दिसेनासा झाला तर जागेवर थांबा आणि हाक मारा.

निरभ्र दिवशी धोका उलट बाजूने येतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि दर १,००० मीटरला त्यांची तीव्रता १० ते १२ टक्क्यांनी वाढते. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांमागे सनस्क्रीन लावा, दोन तासांनी पुन्हा लावा. ढगाळ दिवशीही डोळे उघडे ठेवू नका. बर्फाने डोळे भाजले तर ते संध्याकाळी कळतं, वाळू गेल्यासारखे खुपतात आणि पुढचे एक-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत जातात.

लहान मुलांचे गाल, नाकाचा शेंडा आणि कान दर अर्ध्या तासाने पाहत जा. कातडी पांढरट, मेणचट दिसली आणि मूल 'काही लागत नाही' म्हणालं तर लगेच आत न्या, तळहाताने ऊब द्या. चोळू नका, बर्फ तर अजिबात चोळू नका.

कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत सुती बनियन नको, घामाने भिजून गार पडतं. लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं आतलं अंग घ्या. त्यावर आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेला चांगला लोकरी स्वेटर चालतो, खूप छान चालतो. सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. हे तिथे भाड्याने मिळतं. जीन्स घालून बर्फात उतरू नये. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

हिमस्खलन

हा भाग नवशिक्याला लागू नाही असं समजून पुढे जाऊ नका. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. तुम्ही शिकाल ते उतार याहून कितीतरी सौम्य आहेत आणि तिथे हा धोका नाही. पण अफरवटचा वरचा भाग नेमका अशाच उतारांचा आहे आणि गोंडोला तिकीट काढणाऱ्या कोणालाही तिथे नेऊन सोडते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू. तिघेही हौशी नवशिके नव्हते.

बर्फ का घसरतो, हे समजायला थरांची कल्पना हवी. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडला आणि त्यानंतर लांब कोरडी, कडक थंडी राहिली, तर जमिनीलगतच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर मोठ्या विक्षोभाने एकदम दोन-तीन फूट नवा बर्फ टाकला की ते ओझं कमकुवत थरावर तरंगत राहतं. वाऱ्याने माथ्यापलीकडून उडवून आणलेला बर्फ त्यात भर घालतो. एका माणसाच्या वजनाने संपूर्ण उतार सुटू शकतो. म्हणजे ज्या दिवशी सगळे 'वा, काय बर्फ पडलाय' म्हणत असतात, त्याच्या पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वरच्या भागात सर्वांत वाईट. कोरड्या जानेवारीनंतर आलेला पहिला मोठा हिमवर्षाव तर विशेष. मार्चमध्ये धोका वेळेनुसार फिरतो. सकाळी गोठलेला उतार दुपारच्या उन्हात ओला होऊन सुटतो.

हिमस्खलनाचा इशारा जिल्हानिहाय, उंचीच्या पट्ट्यानुसार निघतो आणि आपत्ती व्यवस्थापन विभाग तो जाहीर करतो. संरक्षण खात्याची भूमाहिती संशोधन संस्था, डीजीआरई, हा अंदाज तयार करते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, त्यामुळे इशाऱ्यात बारामुल्ला शोधा. गुलमर्गच्या गस्ती पथकाचे लोक रोज उतार तपासतात, त्यांनी दोरी बांधली असेल तर ती ओलांडू नये. दोरीपलीकडे कोणाच्या तरी स्कीच्या खुणा दिसतात म्हणून तो भाग सुरक्षित ठरत नाही. स्की येत नसणाऱ्याने दुसऱ्या टप्प्याला जावंच का? जा, स्वच्छ दिवशी, बघायला. बूट घालून, स्की न नेता, आणि गोंडोलानेच परत या.

औली आणि सोलंगबद्दल

उत्तराखंडातलं औली सुमारे २,५०० ते ३,००० मीटरवर आहे, उतार शिकण्यासाठी सुरेख आणि समोर नंदादेवी दिसते. पण ते गुलमर्गच्या दक्षिणेला, ३० अक्षांशावर, त्यामुळे ऊन जास्त आणि बर्फाचा भरवसा कमी. जोशीमठची जमीन खचल्यानंतर २०२३ च्या जानेवारीत तिथली रोपवे बंद करण्यात आली, म्हणून रस्त्याने जाण्याची तयारी ठेवा. मनालीजवळच्या सोलंगला बर्फ असतो तेव्हा एक-दोन दिवस स्की पायात घालून पाहायला ठीक. नेटाने शिकायचं असेल तर गुलमर्गचीच निवड करा. तिथल्या सरकारी स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रमही आहेत. त्यांच्या तारखा आधी पाहून मग सुट्टी टाका.

परतीच्या वेळी

परतीच्या दोन दिवस आधी अंदाज पुन्हा पाहायला लागा. नवा विक्षोभ येत असेल तर बर्फ सुरू होण्यापूर्वी, दुपारच्या उजेडात, घाट उतरून श्रीनगरला मुक्काम करा. शेवटच्या सकाळी अजून एक चक्कर मारायचा हट्ट मुलं करतील. आकाश पश्चिमेकडून दुधाळ व्हायला लागलं असेल आणि सूर्याभोवती खळं दिसत असेल तर ढग दहा-बारा तासांवर असू शकतात. त्या दिवशी हट्ट पुरवू नका, भाड्याचं सामान परत करा आणि तंगमर्गसाठी साखळ्यांची गाडी सकाळीच ठरवून टाका.